तारेखालची फट

गिटार मांडीवर घ्या. केबल लावू नका, अ‍ॅम्पही सुरू करू नका. पंखा बंद करता आला तर करा. वाजवण्याची घाई आज नको.

आता तारांच्या खाली बघा. तुमच्या मांडीवर स्ट्रॅटोकास्टर किंवा त्या घडणीची गिटार आहे असं मी धरून चालतो, कारण आपल्याला ज्या गोष्टीपाशी थांबायचं आहे ती या गिटारीत सर्वांत स्पष्ट ऐकू येते. पिकगार्डवर तीन पिकअप आहेत: नेकजवळचा, मधला आणि ब्रिजजवळचा तिरका. प्रत्येकावर धातूचे सहा गोल ठिपके, एकेका तारेखाली एकेक. हे पोल पीस. प्रत्येक पिकअपच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू. वर्षानुवर्षं गिटार वाजवणाऱ्या कित्येकांनी या सहा स्क्रूंपैकी एकालाही कधी हात लावलेला नसतो. तारा बदलून पाहतात, पेडल बदलतात, आहे तो पिकअप काढून महागडा नवा बसवतात. फुकटात फिरणारा स्क्रू मात्र कारखान्यातून आला तसाच राहतो.

गिटार जरा तिरकी करून उजेडासमोर धरा. तार आणि पोल पीस यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसेल. दोन मिलिमीटर, फार तर तीन. तिच्याकडे थोडा वेळ नुसतं बघत राहा.

मग सहावी तार, सर्वांत जाड, मोकळी छेडा. एकदाच.

ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा हलते आहे. डोळ्याला फक्त एक धूसर पट्टा दिसतो. नीट पाहिलंत तर हा पट्टा एकसारखा राहत नाही. रुंद होतो, अरुंद होतो, परत रुंद होतो. तार आडवी हलते तशी उभीही हलते, आणि या दोन हालचाली मिळून एक फिरता लंबगोल तयार होतो. आवाज बारीक होत जाईल, तसे त्याच्या मागे जा. संपला असं वाटलं तरी तारेवर हात ठेवू नका. बरगडीला टेकलेलं लाकूड अजून थरथरत असेल. तेही थांबू द्या.

पुन्हा छेडा. या वेळी मनात एवढंच धरा: गिटार कशालाही जोडलेली नाही, तरी खालचा चुंबक आपलं काम करतोच आहे. अ‍ॅम्प बंद असो, खोलीत कोणी नसो, गिटार केसमध्ये पडून असो; तो तारेला खाली ओढत असतो.

हे कसं, ते शांतपणे समजून घेऊ. जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये ते सहा पोल पीस हेच चुंबक असतात: अल्निकोच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट घातलेल्या लोखंडी मिश्रधातूच्या, सहा छोट्या कांड्या. त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. वर पोलादाची तार. चुंबकाच्या सान्निध्यात पोलादी तार स्वतःही थोडी चुंबक होते. ती हलली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेढ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये लंडनला जे दाखवून दिलं, तेच हे. जॉर्ज बीचम (Beauchamp) नावाच्या हवाईयन गिटार वाजवणाऱ्या माणसाने १९३१ च्या सुमारास अमेरिकेत ते गिटारीत उतरवलं आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकरच्या कारखान्यात ती गिटार बनू लागली. म्हणजे पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. हवेतला आवाज तो टिपत नाही. त्याला कळतं ते फक्त समोर लोखंड हलतं आहे एवढंच. नायलॉनची तार लावून पाहा, तो मुका राहील.

पण तारेची हालचाल कळावी यासाठी चुंबक लागतो, आणि चुंबक आला की ओढ आली. ती वेगळी काढून ठेवता येत नाही. पिकअपचं ऐकणं आणि पिकअपचं ओढणं ही एकाच वेळी घडणारी, एकाच वस्तूची दोन कामं आहेत. जवळ जाऊन ऐकावं तर तार बांधली जाते. दूर राहून ऐकावं तर तिचे बारकावे निसटतात. बाकी सगळी मापं, सगळे तक्ते या अडचणीच्या भोवती फिरतात.

या वाक्यापाशी थोडं थांबा. मोकळी तार आणखी एकदा छेडा आणि ती पूर्ण विझेपर्यंत पुढचं वाचू नका.

आता अ‍ॅम्प सुरू करा. आवाज स्वच्छ ठेवा. रिव्हर्ब नको, पेडल नको. गिटारवरचे टोनचे नॉब पूर्ण उघडे. स्विच नेक पिकअपवर. आणि एक गोष्ट मुद्दाम चुकीची करा: नेक पिकअप वर आणा.

दोन्ही टोकांचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. एका पूर्ण फेऱ्यात पिकअप साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर सरकतो. जाड तारांच्या बाजूला एखादाच मिलिमीटर उरेल इतका वर घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबली तरी ती पोल पीसला टेकणार नाही एवढं पाहा. स्क्रूड्रायव्हर सांभाळून धरा. चुंबक त्यालाही ओढतो, आणि तो पोल पीसला लागला की स्पीकरमधून ठक्क आवाज येतो. पोल पीसला मात्र बोटाने खाली दाबू नका. जुन्या बनावटीत तांब्याचे वेढे थेट त्यांनाच घासून असतात आणि एक तार तुटली की पिकअप गेला.

सहावी तार बाराव्या फ्रेटवर दाबा. छेडा. ऐका.

काय ऐकू येतं? सूर आहे, पण तो एका जागी उभा नाही. डोलतो. एकाच तारेतून दोन माणसं जवळजवळ सारखाच, पण किंचित वेगळा स्वर लावताहेत असा भास होतो. ट्यूनर लावला तर त्यालाही नक्की काय दाखवावं ते कळत नाही. ही तार कणसूर झाली आहे, आणि खुंटी पिळून हा दोष जाणार नाही. मघाशी जो फिरता लंबगोल पाहिला तो आठवा. चुंबक खालून ओढतो. त्यामुळे तारेच्या उभ्या हालचालीचा वेग किंचित बदलतो, आडवीचा फारसा नाही. एकाच तारेला दोन कंपनसंख्या मिळतात, त्या एकमेकींशी भांडतात, आणि तो झगडा आपल्याला डोलण्याच्या रूपाने ऐकू येतो. तुमची स्ट्रॅट वरच्या फ्रेटवर कधीच नीट सुरात लागत नाही, ब्रिजवरचे सॅडल कितीही सरकवले तरी नाही, असं असेल तर सॅडलच्या आधी इथे बघा.

बारावाच फ्रेट का? स्ट्रॅटवर नेक पिकअप ब्रिजपासून तारेच्या एकूण लांबीच्या जवळपास चौथाईवर बसवलेला असतो. बाराव्या फ्रेटवर तार दाबली की हलणारा भाग निम्मा होतो, आणि पिकअप त्या भागाच्या जवळजवळ मध्यावर येतो. तार सर्वांत जास्त झुलते ती मध्यावर. शिवाय दाबल्यामुळे ती चुंबकाच्या आणखी जवळ आलेली असते. आणि सहाव्या तारेत लोखंड सर्वांत जास्त. तिन्ही कारणं एका बिंदूवर येऊन मिळतात. ब्रिज पिकअपला हा त्रास जवळपास होत नाही, कारण तिथे तार मुळात थोडीच हलते.

आता उलटं जाऊ. जाड तारांच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा. छेडा. पूर्ण ऐका. डोलणं थोडं मंदावलं असेल. आणखी अर्धा फेरा. पुन्हा ऐका. इथे घाई करणाऱ्याला काहीच कळणार नाही, कारण हा फरक सुराच्या सुरुवातीला दिसत नाही, तो शेपटीत दिसतो. सूर विझत येताना डोलतो की सरळ रेघेत जातो, याकडे कान ठेवा. कधीतरी एका अर्ध्या फेऱ्यानंतर सूर सरळ होईल. तिथे थांबा, आणि मग आणखी अर्धा फेरा खाली न्या. बारीक तारांची बाजूही थोडी खाली घ्या, पण तितकी नको. सैल करताना एक सांभाळा: स्क्रू पूर्ण निसटला तर पिकअप आतल्या पोकळीत पडतो, आणि मग सगळ्या तारा उतरवून पिकगार्ड उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

इथे पोहोचल्यावर मनात एक तक्रार उठेल: आवाज कमी झाला. जीव गेला त्यातला.

ही तक्रार दाबू नका, तिच्याकडे बघा. आवाज कमी झाला हे खरं. जीव गेला हे खरं आहे का? आपल्या कानाची एक खोड आहे. तोच आवाज थोडा मोठा केला की तो आपल्याला अधिक भरदार, अधिक चांगला वाटतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९३३ मध्ये यातला एक भाग मोजून मांडला: आवाज लहान असताना खालचे आणि फार वरचे स्वर कानाला मधल्या स्वरांपेक्षा कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते वर येतात. म्हणून पिकअप वर नेणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत खूश होतो. त्याने फक्त आवाज वाढवलेला असतो, आणि त्या कामासाठी अ‍ॅम्पवर वेगळा नॉब आहेच.

तेव्हा तो नॉब थोडा वाढवा. पिकअप वर होता तेव्हा जेवढा आवाज येत होता, साधारण तेवढा होऊ द्या. आता तीच तार, तोच फ्रेट. तारेला प्लेक्ट्रम लागतानाचा धक्का आधीपेक्षा कमी टोचेल आणि त्याच्यामागची आस मोकळी ऐकू येईल. हलक्या हाताने वाजवा, मग जोरात. दोन्हींत फरक पडतो का? पिकअप फार जवळ असताना हळू आणि जोरात यांच्यातलं अंतर आक्रसतं. दूर गेला की हाताचा जोर पुन्हा ऐकू येऊ लागतो. याला कोणी दुबळा आवाज म्हणतं, कोणी मोकळा. धारदार रॉक वाजवणाऱ्याला ते आक्रसणंच हवं असेल तर त्याने ब्रिज पिकअप खुशाल वर ठेवावा. माझ्या मते बहुतेक स्ट्रॅटवर नेक पिकअप गरजेपेक्षा वर असतो, आणि तो खाली नेल्याचा पश्चात्ताप फार थोड्यांना होतो.

मापं कुठे गेली, असं वाटलं असेल. ती मुद्दामच मागे ठेवली. सहावी आणि पहिली तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोल पीसच्या माथ्यापर्यंत पट्टीने मोजायचं. जुन्या धर्तीच्या पिकअपसाठी फेंडर कंपनी जाड बाजूला २.४ मिलिमीटर आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर सांगते. सुरुवात करायला हे ठीक आहे. पण हे आकडे तुमच्या तारा, तुमचा हात आणि तुमचा अ‍ॅम्प न ऐकता लिहिलेले आहेत. लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिटारी तो वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा आणि ते काय म्हणतात ते ऐकून बदल करायचा. त्याच्या यंत्रावर त्याच्याच पद्धतीने काम करायला हरकत नाही.

पुढचं ऐकणं जरा वेगळं. सहाही तारा एकेक करून, सारख्याच जोराने छेडा. कोणती तार ओळीतून बाहेर उडी मारते? पोल पीस कमीजास्त उंचीचे असतील तर बहुधा तिसरी मारेल. तिच्या खालचा पोल पीस उंच असतो, आणि त्याला कारण आहे. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिसरी तारही जाड, वरून गुंडाळलेली असे. तिच्या आत पोलादाचा गाभा बारीक, म्हणून ती हळू बोलायची. तिला उचलून धरण्यासाठी पोल पीस उंच केला. पुढे वादकांनी बेंड सोपी जावी म्हणून साधी, न गुंडाळलेली तिसरी तार लावायला सुरुवात केली. ती पूर्ण पोलादाची, मोठ्याने बोलणारी. तारेचा प्रकार बदलला, पण जुन्या धर्तीच्या पिकअपमध्ये पोल पीस त्याच उंचीवर राहिला. आता तो आवाज फक्त बाजूच्या दोन स्क्रूंनी पूर्ण सुधारता येत नाही. पिकअप थोडा खाली घेतला की तारांमधली ही विषमता सौम्य होते, एवढंच. किंवा सपाट पोल पीसचा पिकअप घ्यावा. किंवा तिसऱ्या तारेवर हात हलका ठेवायला शिकावं; पुष्कळ चांगले वादक नकळत हेच करतात. जिमी हेंड्रिक्स डावखुरा. उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून, तारा आपल्या सोयीने लावून वाजवायचा. त्यामुळे उंच-सखल पोल पीसचा सगळा क्रम त्याच्या तारांखाली उलटा झाला आणि ब्रिजचा तिरका पिकअपही उलट्या बाजूला तिरका. कारखान्याचा एकही हिशोब त्याच्या गिटारीला लागू नव्हता.

आपल्याकडे तानपुऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराला हे काम पाहून ओळख पटावी. मिरजेच्या कारागिराचा हातही घोडीच्या माथ्यावर असाच अंशाअंशाने चालतो. थोडं घासायचं, तार छेडायची, आस विझेपर्यंत ऐकायचं. फरक हा की त्याने घासलेलं परत येत नाही. तुमच्या हातातला स्क्रू परत येतो. तेव्हा ऐकण्यात धीटपणा ठेवा. खूप खाली नेऊन पाहा, अगदी आवाज पातळ होईपर्यंत, म्हणजे दोन्ही टोकं कानाला माहीत होतील.

नेक पिकअप ठरला की बाकीचे दोन त्याच्या मागे येतात. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तो पिकअप वर लागतो. स्विच एकावरून दुसऱ्यावर टाकताना आवाज एकदम चढू-उतरू नये, एवढा. मधला पिकअप प्लेक्ट्रमच्या वाटेत येतो, त्यामुळे बरेच जण तो खालीच ठेवतात. मग स्विचच्या दोन मधल्या जागा ऐका, जिथे दोन पिकअप एकत्र बोलतात. सुरुवातीच्या स्ट्रॅटवर स्विच तीनच जागांचा होता. वादक तो दोन जागांच्या मधे अडकवून ठेवायचे, इतका तो पोकळ, किणकिणता आवाज त्यांना आवडला. १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांचा स्विच दिला. हा आवाज दोन पिकअप तोलाचे असतील तरच येतो. एक वरचढ झाला की दुसरा असून नसल्यासारखा. इथे पाव पाव फेऱ्याने फिरवा आणि घाई मुळीच करू नका.

हंबकर असलेल्या गिटारीत हे सगळं थोडं क्षमाशील असतं. गिब्सनच्या सेथ लव्हरने विजेची घरघर मारण्यासाठी दोन वेटोळी उलटसुलट जोडली आणि १९५७ पासून ती गिटारींवर आली. त्यात चुंबक सहसा खाली, वेटोळ्यांच्या तळाशी असतो. तारेवरची ओढ कमी, म्हणून पिकअप जास्त वर नेता येतो. काही स्वस्त स्ट्रॅटमध्येही पोल पीस साध्या लोखंडाचे आणि चुंबकाची पट्टी तळाला चिकटवलेली असते. त्यांनाही वर जायला मोकळीक आहे. ऐकण्याची रीत तीच.

आता हात स्क्रूवरून काढा. तुमच्या आवडीचं काहीतरी वाजवा, संथ लयीतलं. पिकअपचा विचार करू नका. कान थकलेला असतो. ठरवलेली उंची बरोबर की चूक, हे आज रात्री कळणार नाही. उद्या सकाळी, पहिला चहा झाल्यावर, बारावा फ्रेट पुन्हा ऐका.

आणि हे काम तारांची उंची, नेकचा बाक, सॅडल हे सगळं लावून झाल्यावरच करा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळा लागला की लाकूड दमट होतं, नेक किंचित वाकतो, तारांची उंची बदलते, आणि तुम्ही कष्टाने लावलेली फट आपोआप वेगळी होते. म्हणून तिन्ही पिकअपच्या दोन्ही बाजूंची मापं, तारांचा गेज आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती गिटारच्या केसमध्ये ठेवा. पुढच्या वेळी नऊच्या ऐवजी दहाचा सेट चढवाल तेव्हा ती काढा आणि नेक पिकअपपासून पुन्हा ऐकायला बसा. तार जाड झाली की चुंबकासमोर लोखंड वाढतं, आणि ओढही वाढते.